फळीवरच्या चौदा रेघा

आमच्या कलेच्या इतिहासाच्या बाईंबद्दल शाळेत जी अफवा होती ती अशी: नवरा गेला त्याच दिवशी बाई नटूनथटून संग्रहालयात गेल्या, भिंतीवर चित्रं लावली, पाहुण्यांबरोबर हसत हसत फोटो काढले, आणि असल्या दगडाच्या काळजाची बाई नको म्हणून संग्रहालयाने त्यांना काढून टाकलं. ही अफवा मी स्वतः निदान सहा जणांना सांगितली आहे, आवाज काढून. चौथ्या खेपेला मी बाईंच्या गळ्यात मोत्यांची माळ घातली. सहाव्या खेपेला ती माझ्याकडेच परत आली, तेव्हा तिच्यात कानातलीही होती.

खरं असं आहे. नवरा आदल्या दिवशी सकाळी अकराला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. एका चित्राखालच्या लेबलवर साल चुकलं होतं आणि ते बाईंशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. बाई गेल्या, लेबल बदललं, पाच मिनिटांत परत निघाल्या. फोटोत त्या आहेत, पण पाठमोऱ्या. त्या हसत होत्या की नाही हे पाठीवरून कळत नाही. आणि काढलंबिढलं कुणी नाही. त्याच सोडून आल्या. त्या खोलीत शिरल्या की सगळे एकदम आवाज खाली आणायचे, आणि बाईंचं म्हणणं असं की कुजबुजीत मुद्रितं तपासता येत नाहीत.

हे मला ऑफिसातल्या मावशींनी सांगितलं. दाखले देणाऱ्या, जाड चष्म्याच्या. त्या बाईंच्या सख्ख्या नणंद आहेत हे आम्हाला दोन वर्षं माहीतच नव्हतं, कारण शाळेत त्या दोघी एकमेकींशी फक्त खडू आणि किल्ल्या यांबद्दल बोलतात.

बाईंची नक्कल करणं सगळ्यात सोपं, असं आधी मला वाटलं होतं. मुख्याध्यापकांना खोकला आहे, गणिताच्या सरांना 'काय समजलं' आहे, शिपायाला पायातली खडखड आहे. बाईंना काहीच नाही. आवाजाला चढ नाही, उतार नाही. मग एकदा दवाखान्याच्या लिफ्टमध्ये ती मजले सांगणारी बाई ऐकली आणि मी तिथेच टाळी वाजवली. "तिसरा मजला. दार उघडत आहे." तो आवाज! दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बाकावर उभी राहिले आणि म्हणाले, "दुसरं चित्र. डावीकडे खिडकी आहे. खिडकीत बाई आहे. दार उघडत आहे." मुलं लोळली. तेव्हापासून बाईंचं नाव लिफ्ट.

त्यांचा चहा टेबलावर असतो. गरम असला तरी पितात, तासाभराने साय धरली तरी तेवढ्याच शांतपणे पितात. एकदा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापताना कटर बोटात गेला. त्यांना कळलं ते पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल दिसलं तेव्हा. "माउंट बदला," म्हणाल्या. बोटाचं नंतर कुणीतरी पाहिलं.

पण शिकवणं असं की आमच्या वर्गातला सगळ्यात उनाड पोरगाही तोंड मिटून बसायचा. पडद्यावर चित्र लागायचं. तीन मिनिटं घड्याळ लावून गप्प. मग एकच प्रश्न: "दिसतंय काय?" वाटतंय काय नाही. दिसतंय काय. कुणी "उदास वाटतंय" म्हटलं की बाई विचारायच्या, "उदास कुठे आहे? बोट ठेव." बोट ठेवता आलं तर चालायचं. म्हणजे, खांदे पडलेत, इथे. दिवा आहे पण लावलेला नाही, इथे. ज्याने 'सुंदर' हा शब्द काढला त्याने मागे वळून कोऱ्या भिंतीचं पाच वाक्यांत वर्णन करायचं. मी ते अकरा वेळा केलंय. त्या भिंतीवर एक खिळ्याचं भोक आहे, दोन डास मेलेत, आणि रंगाचा दुसरा हात पंख्याच्या उंचीला संपलाय.

दुसरा नियम लेबलचा. वस्तू कुणाची, कुठली, हे सगळ्यात शेवटी विचारायचं. आधी माप, मग साहित्य, मग खुणा, मग खुणांवरून अंदाज. "नाव आधी कळलं की डोळे सुट्टीवर जातात," बाई म्हणायच्या. आणि हे वाचन चालू असताना शिक्षकाने मधे एक शब्दही बोलायचा नाही. हा नियम त्यांनी स्वतःला घातलेला.

वर्षाच्या शेवटी आमच्या वर्गाने प्रदर्शन मांडायचं होतं. खालचा लांब कॉरिडॉर, सात वस्तू, सात लेबलं, विषय 'वापरलेलं'. शाळेतल्याच वस्तू निवडायच्या, ज्यांच्यावर हातांच्या खुणा आहेत. ग्रंथालयाच्या दाराची मूठ, प्रयोगशाळेतलं स्टूल, घंटेचा हातोडा. सहा झाल्या. सातवी सापडेना. तेव्हा पट्टी म्हणाला, "आपली फळी घ्या की."

पट्टी म्हणजे माझ्या शेजारी बसणारा मुलगा. खिशात कायम सहा इंची पट्टी. वडापाव असो की वही, आधी मोजणार... नाही, वडापाव नाही, बाई म्हणतील खोटं लिहू नकोस. खोडरबर असो की वही, आधी मोजणार. फळी म्हणजे चित्रकलेच्या खोलीतली, जिच्यावर ठेवून आम्ही वर्षभर माउंट कापले. दोन बोटं जाड, जुनी, कशीही कापा, हलायची नाही. ती शाळेचीच, असं आम्ही धरून चाललो होतो.

बाई क्षणभर थांबल्या. मला आता वाटतं की थांबल्या. तेव्हा मी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "वर्गाची निवड. वाचा."

फळी टेबलावर आडवी ठेवली. पडदे ओढले. बाजूने टॉर्च तिरपा धरला, कारण समोरून उजेड टाकला की खुणा सपाट होतात आणि तिरपा टाकला की एकेक रेघ ओढ्यासारखी खोल दिसते. तीन मिनिटं गप्प. मग सुरू.

"बावन्न बाय अडतीस सेंटिमीटर," पट्टी.

"सोनेरी ठिपके. तपकिरी पॉलिश."

"रेघा बहुतेक एकाच बाजूला कललेल्या. माणूस डावखुरा."

"उजवीकडे वर कपाचे गोल डाग. एकावर एक. म्हणजे कप रोज तिथेच. रिकामा हात उजवा!"

आम्हाला चेव चढला. वीसेक वर्षांच्या सरळ रेघा होत्या, पट्टीला पट्टी लावूनही चूक सापडेना. आणि मग खाली, कोपऱ्यात, पट्टीला सापडल्या त्या. "इथे बघा. वेड्यावाकड्या. एक, दोन... चौदा."

त्या खरंच थरथरत्या होत्या. सरळ निघायच्या, मधे डुगडुगायच्या, पुन्हा सावरायच्या. अंदाज सांगायची पाळी माझी होती. आणि माझी पाळी म्हणजे मी नुसतं सांगणार थोडीच. मी टेबलामागे गेले, पाठीत वाकले, डाव्या हातात पेन्सिल कटरसारखी धरली आणि हात असा थरथरवला की पुढच्या बाकावरची हसून खाली सरकली.

"म्हातारा झालाय," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हात ऐकत नाही बाबांनो. पण सांगतो कुणाला? दुपारभर कापतो, चुकतो, फेकतो. आणि घरात कुणाचं लक्ष आहे का? नाही! बायको बहुतेक आंधळी!"

टाळ्या पडल्या. पट्टीने बाक वाजवला.

बाई खिडकीजवळ उभ्या होत्या. आम्ही हसून संपेपर्यंत त्या थांबल्या.

"संपलं वाचन?"

"हो बाई."

"मग नाव. फळी माझ्या नवऱ्याची आहे. ते फ्रेमा बनवायचे. संग्रहालयातल्या अर्ध्या फ्रेमा त्यांच्या. गेले तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते, म्हणजे म्हातारा हे चूक. डावखुरे, बरोबर. कप, बरोबर." आवाज तोच. दुसरा मजला, तिसरा मजला. "निरीक्षण चांगलं. 'आंधळी' हे निरीक्षण नाही, अंदाज आहे, आणि त्याला आधार दिलेला नाही. खोड."

मी पेन्सिल ठेवली. ती घरंगळून खाली पडली तरी कुणी उचलली नाही.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. दाखला नको होता, तरी दाखल्याचा अर्ज घेऊन. मावशींनी चष्म्यावरून पाहिलं.

"तूच ना ती नकलाकार?"

"हो."

"दादाची नक्कल केलीस म्हणे."

मला वाटलं आता ओरडतील. त्या खुर्ची ओढून म्हणाल्या, "बस. कशी केलीस? दाखव."

"नको मावशी."

"बरं, राहू दे." त्यांनी शिक्का उगाच पुसला. "दादाच्या डोक्यात गाठ होती. बरेच महिने वाढत होती, पण कळलं ते शेवटच्या दिवशी. डॉक्टरांनी वहिनीला एकच विचारलं होतं: मागच्या काही महिन्यांत हात थरथरायचा का? काम करताना? वहिनी म्हणाली, नाही. डॉक्टर म्हणाले, आठवून बघा. तर म्हणाली, डॉक्टर, बघणं हेच माझं काम आहे. असतं तर दिसलं असतं."

"मग?"

"मग काही नाही. ते 'नाही' धरून बसली आहे तेव्हापासून. तेवढं एक आहे तिच्याकडे. ती त्याच्या समोर बसून चहा प्यायची ना रोज, त्याच फळीच्या." मावशींनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "आणि काल तुम्ही चौदा काढल्यात."

मी तिथून सरळ चित्रकलेच्या खोलीत गेले. पायऱ्या चढताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि ती इतकी उघड होती की मला हसू यायला लागलं. अगं, त्या रेघा आमच्या! वर्षभर त्याच फळीवर आम्ही कापत होतो. मला आयुष्यात सरळ कापता आलेलं नाही, माझा माउंट बघून बाई म्हणाल्या होत्या, "हा समुद्र आहे का?" चौदाच्या चौदा आमच्या. त्यांचा हात थरथरलाच नव्हता. बाईंना काही दिसायचंच राहिलं नव्हतं.

बाई लेबलांची मुद्रितं तपासत होत्या. समोर चहा, वर साय.

"बाई, त्या रेघा आमच्या आहेत."

"कोणत्या?"

"थरथरत्या. त्यांच्या नाहीत. मी पैज लावते."

त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. "कशी पैज?"

"एकही त्यांची निघाली नाही तर तुम्ही एकदा तरी हसायचं. वर्गात. मोठ्याने."

"आणि निघाली तर?"

"तर... तुम्ही सांगा."

"प्रदर्शनाच्या दिवशी तू फळीजवळ उभी राहायचं. लोकांना माहिती द्यायची. दिवसभर. तुझ्या स्वतःच्या आवाजात."

हे भलतंच अवघड होतं, पण मी जिंकणारच होते. "चालेल. लागली."

"पट्टीला बोलाव. मोजायला तिऱ्हाईत हवा."

आता सिद्ध कसं करायचं, हे मी पायऱ्यांवरच ठरवलं होतं. फळी शाळेत आली त्याच्या पहिल्याच आठवड्यात, आम्ही तिच्यावर काहीही कापण्याआधी, पट्टीच्या हातून निळ्या पोस्टर कलरची बाटली सांडली होती आणि खालचा सगळा कोपरा निळा झाला होता. पुसला, तरी पातळ थर राहिला. म्हणजे आमच्या रेघा त्या निळ्यावरून गेलेल्या असणार: निळं कापलं जाणार आणि आत कोरं लाकूड दिसणार. आधीची रेघ असेल तर उलट. रंग वाहून आत उतरलेला असणार, रेघेचा तळ निळा.

पट्टी आला. पडदे ओढले. टॉर्च मी धरणार होते, पण बाईंनी हात पुढे केला आणि त्यांनीच धरला. भिंगातून पट्टी बघणार, मी वहीत खूण करणार.

"पहिली. कोरं लाकूड."

"आमची!" मी म्हणाले.

"दुसरी. कोरं."

"आमची!"

"तिसरी कोरं. चौथी कोरं. ही तर तुझीच, ए समुद्र."

"गप रे. पुढे."

सहा झाल्या, सात झाल्या. मी बाईंच्या तोंडाकडे बघत होते, हसतील तेव्हा कसं दिसेल ते पाठ करायला. आठवी, नववी. पट्टी मजेत होता. दहावीला तो थांबला.

"काय झालं?"

"निळं आहे."

"कुठे?"

"आत."

मी भिंग घेतलं. रेघेच्या तळाशी निळा धागा होता, बारीक, टोकापर्यंत. रेघ मधे डुगडुगली होती आणि निळाही तिच्याबरोबर डुगडुगला होता.

"अकरावी," बाई म्हणाल्या.

अकरावी कोरी. बारावी निळी. तेरावी निळी. चौदावी कोरी, आणि ती माझीच होती, मला ओळखू आली.

अकरा आमच्या. तीन त्यांच्या. मी वहीत तीन उभ्या खुणा केल्या आणि पेनचं टोपण लावलं. पट्टीने खिशातून पट्टी काढली, परत ठेवली.

"या तीन रेघा घाईघाईत केलेल्या असतील," मी म्हणाले. "किंवा थंडीने हात..."

"बोट ठेव," बाई म्हणाल्या. "थंडी कुठे दिसते?"

मला कुठेच बोट ठेवता आलं नाही.

टॉर्च त्यांच्या हातात होता आणि उजेड जराही हलत नव्हता. हे मी पाहिलं. इतका स्थिर हात मी आजवर पाहिलेला नाही, आणि तो बघवत नव्हता.

"तुम्हाला आधीच माहीत होतं," मी म्हणाले. मला एकदम कळलं. "दहावीनंतर तुम्ही 'अकरावी' म्हणालात. आश्चर्य नाही, काही नाही. तुम्ही आधीच मोजलंय."

"कालच. तुम्ही गेल्यावर."

"मग पैज का लावलीत? ही तर फसवणूक आहे!"

बाईंनी टॉर्च बंद केला. खोलीत अंधार झाला, पडद्यांच्या कडांनी दुपार दिसत होती.

"म्हटलं, दुसऱ्या कुणी मोजलं तर कमी भरतील कदाचित," त्या म्हणाल्या. "कमी भरल्या असत्या तर मी हसले असते."

पट्टीने पडदे उघडले, कारण कुणीतरी काहीतरी करणं भाग होतं.

"पण तीनच आहेत बाई," मी म्हणाले. "हजारांतल्या तीन. कुणालाही दिसल्या नसत्या."

"तीन आहेत, म्हणजे दिसायला हव्या होत्या. तीनच आहेत, म्हणून दिसल्या नाहीत. दोन्ही बरोबर." त्यांनी गार चहा उचलला आणि साय न काढता प्यायला. "लेबलवर दोन्ही बसणार नाहीत. लेबल चाळीस शब्दांचं. तू लिही."

"फळी ठेवायचीच का? आपण दुसरं काही घेऊ. डस्टर घेऊ."

"वर्गाने निवडली आहे. आणि चांगली वस्तू आहे."

मी ते लेबल नऊ वेळा लिहिलं. पहिल्यात 'दुर्दैवाने' होतं, बाईंनी खोडलं. चौथ्यात 'जणू' होतं. सातव्यात मी तीन रेघांचा उल्लेखच गाळला, तेव्हा त्यांनी समासात लिहिलं, 'अपूर्ण.' नववं लागलं ते असं:

*कापायची फळी. लाकूड, पॉलिश, सोनेरी रंग, चहा, निळा पोस्टर कलर. ५२ × ३८ सें.मी. आधी एका डावखुऱ्या फ्रेमवाल्याने वापरली, नंतर या शाळेतल्या मुलांनी. खालच्या कोपऱ्यात चौदा थरथरत्या रेघा: अकरा मुलांच्या, तीन त्यांच्या. तीन रेघांच्या तळाशी निळा रंग आहे.*

पट्टीने शब्द मोजले. "चाळीसच्या आसपास," म्हणाला. तो पहिल्यांदाच आसपास म्हणाला.

प्रदर्शनाच्या दिवशी मी फळीजवळ सकाळपासून उभी. पालक येत होते, घंटेचा हातोडा आपटून बघत होते, तो आपटू नये असं लेबलवर लिहिलेलं असूनही. पहिल्या तिघांना मी माझ्या आवाजात सांगितलं. माझा आवाज म्हणजे नेमका कुठला हेच मला आठवेना. थोडा आईचा लागला, थोडा बातम्यांचा.

दुपारी ऑफिसातल्या मावशी आल्या. ऑफिसला कुलूप लावून, जे त्या कधी लावत नाहीत. फळीसमोर उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, घातला. कपाच्या डागांवर बोट फिरवणार होत्या. 'हात लावू नये' ही पाटी वाचून हात मागे घेतला.

"सांग," म्हणाल्या. "मला माहीत नाही असं समजून सांग."

मी तोंड उघडलं. "ही कापायची फळी आहे. माणूस डावखुरा होता. कप उजवीकडे ठेवायचा. खाली तीन रेघा आहेत. त्या त्यांच्या आहेत." चढ नाही, उतार नाही. मी मुद्दाम करत नव्हते, शपथ. तो आवाज आपोआप निघत होता, आणि दुसऱ्या कुठल्या आवाजात ते सांगता येणार नाही हे मला सांगता सांगताच कळलं.

मावशी मान हलवत राहिल्या. त्यांची तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती.

मागून बाई चालल्या होत्या, हातात खिळ्यांचा डबा. पुढच्या भिंतीवरची एक चौकट तिरकी झाली होती, ती नीट करायला. त्या माझ्यापाशी थांबल्या नाहीत. फळीकडे पाहिलंही नाही. जाता जाता फक्त म्हणाल्या, त्याच आवाजात:

"दार बंद होत आहे."

मी वळून पाहिलं. त्या हसत होत्या की नाही हे पाठीवरून कळत नव्हतं. पैज मी हरलेच होते, आणि फेडायची होती स्वतःच्या आवाजात, तीही धड फेडता आली नाही.